धुळीतला माइट चावत नाही, मग माझी श्वासनलिका एवढी का पेटते?

निशिगंधा_र | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली. मला नऊ वर्षांपासून दमा आहे. गेल्या महिन्यात स्किन प्रिक टेस्ट केली तर डस्ट माइटच्या दोन्ही जागांवर मोठ्ठी गांध (सुजेचा उंचवटा) आली आणि बाकी सगळं जवळजवळ कोरं. डॉक्टर म्हणाले धुळीतल्या माइटची अ‍ॅलर्जी आहे, स्टेरॉइडचा पंप रोज घ्या, बंद करू नका. आणि मी तेच करत आलेय जे करायचं नाही, म्हणजे तीन आठवडे बरं वाटलं की पंप कपाटात ठेवायचा, मग महिन्या-दीड महिन्यात एखाद्या रात्री तीन वाजता छातीत शिट्टी वाजायला लागते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला औषधाचा सल्ला नकोय, तो डॉक्टर देतातच. मला समजून घ्यायचंय की आत नक्की होतं काय. माइट चावत नाही, विषारी नाही, डोळ्याला दिसतही नाही. माझी धाकटी बहीण आणि मी एकाच खोलीत लहानाच्या मोठ्या झालो, तीच गादी, तीच धूळ, तिला दमा नाही. मग माझ्याच पेशींना काय झालंय? आणि सगळी धूळ काढून टाकली तर हे संपेल का? कोणी पेशींच्या पातळीवर नीट सांगू शकेल का, जड झालं तरी चालेल, मी दोनदा वाचीन.

मुक्तछंद | सोमवार, रात्री ११:५२

अगदी माझा प्रश्न. रुमाल टाकून ठेवतेय.

पेशीवेल्हाळ | मंगळवार, सकाळी ८:१५

निशिगंधाताई, प्रश्न फार चांगला विचारलात. मी डॉक्टर नाही, इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो आणि गेली बरीच वर्षं श्वासनलिकेतल्या पेशी मोजण्यातच गेलीत, तेव्हा जमेल तसं तुकड्यातुकड्यांत लिहितो, एका दमात होणार नाही.

आधी माइटबद्दल. हा कीटक नव्हे, आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला जीव, जेमतेम ०.३ मिमी. आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कपच्या खातो आणि पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून घेतो, म्हणून हवा सतत कोरडी राहिली की सुकून मरतो. घरातल्या धुळीने दमा होतो हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं पण धुळीतलं नेमकं काय, ते १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनला वूरहोर्स्ट आणि स्पिएक्स्मा यांनी दाखवलं, की हा माइटच मूळ आहे.

पण त्रास माइटपेक्षा त्याच्या विष्ठेने जास्त होतो. एकेक गोळी साधारण १० ते ४० मायक्रॉनची, म्हणजे परागकणाएवढी, आणि एक माइट दिवसाला वीसेक गोळ्या टाकतो. ही गोळी म्हणजे पातळ पापुद्र्यात बांधलेली पुरचुंडी समजा, आणि त्या पुरचुंडीत त्याच्या पोटातली पाचक एन्झाइम्स जशीच्या तशी शिल्लक असतात. त्यातलं मुख्य डर पी १, प्रथिनं कापणारं एन्झाइम, पपईच्या चिकातल्या पपेनच्याच घराण्यातलं. तुमच्या नाकाच्या किंवा श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर गोळी पडली की पाणी लागून ती विरघळते आणि आतलं एन्झाइम बाहेर येऊन कामाला लागतं, कारण त्याला तेवढंच येतं, प्रथिन दिसलं की काप.

आता तुमच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना चिकटून उभ्या असतात, दोन पेशींमधली फट प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेली असते. त्यातलं एक प्रथिन ऑक्लुडिन. डर पी १ मुळे हे टाके उसवतात, हे १९९९ साली प्रयोगात दिसलं. शिवण उसवली की त्या वाटेने बाकीची अ‍ॅलर्जनं, म्हणजे अ‍ॅलर्जी उठवणारी द्रव्यं, आत शिरतात. म्हणजे माइट चावत नाही हे खरं, पण त्याचं एन्झाइम मात्र अस्तर कातरतं, आणि पेशींना ते कळतं. पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

दोन नंबरचा डर पी २. हा एन्झाइम नाही, हा तोतया आहे. आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाची घंटा असते, बॅक्टेरियाच्या भिंतीचा तुकडा आला की वाजणारी. ती वाजायला एमडी-२ नावाचं जोडप्रथिन लागतं आणि डर पी २ ची घडण हुबेहूब त्या एमडी-२ सारखी, त्यामुळे तो त्याच्या जागी बसून घंटा वाजवू शकतो. हे २००९ सालचं काम. त्याच वर्षी उंदरांत असंही दिसलं की ही घंटा अस्तराच्या पेशींवरून काढून टाकली तर माइटचा अर्क हुंगवूनही दम्यासारखी सूज येत नाही. मला हा निकाल वाचून तेव्हा खरंच चकित व्हायला झालं होतं, कारण आम्ही सगळे अस्तर म्हणजे नुसती भिंत धरून चाललो होतो आणि पहिली हाक तर भिंतच मारत होती.

दुपारी पुढचं टाकतो.

सारंग७७ | मंगळवार, सकाळी ९:०३

मस्त लिहिताय. अवांतर विचारतो, मग एअर प्युरिफायर लावला तर या गोळ्या अडकतील ना?

पेशीवेल्हाळ | मंगळवार, सकाळी ९:२०

फार नाही. या गोळ्या जड असतात, चादर झटकली की उडतात आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा खाली बसतात. मांजराचं अ‍ॅलर्जन बारीक कणांवर बसून तासनतास तरंगतं, तिथे प्युरिफायरला काम आहे. माइटचं घर गादीत आणि उशीत, आणि तुमचं नाक रात्रभर तिथेच टेकलेलं. मशीन कोपऱ्यात.

पेशीवेल्हाळ | मंगळवार, दुपारी २:१०

तर अस्तर दुखावलं. दुखावलेल्या पेशी तीन निरोप सोडतात, टीएसएलपी, आयएल-२५ आणि आयएल-३३. यातला आयएल-३३ पेशीच्या केंद्रकात आधीच भरून ठेवलेला असतो, पेशी फुटली की सांडतो, आणि गंमत बघा, नाही, गंमत म्हणायला नको, माइटसारख्या अ‍ॅलर्जनांमधली एन्झाइम्स त्या सांडलेल्या आयएल-३३ ला कापून आणखी तिखट करतात.

हा निरोप दोन प्रकारच्या पेशी ऐकतात. एक म्हणजे आयएलसी-२. या २०१० च्या सुमारास सापडल्या, म्हणजे तशा नव्याच. यांना माइट ओळखता येत नाही, त्यांच्याकडे ओळखीचं रिसेप्टरच नाही, पण अस्तर ओरडलं की या ताबडतोब आयएल-५ आणि आयएल-१३ सोडतात.

दुसऱ्या डेंड्रायटिक पेशी. अस्तराच्या अगदी खाली पसरलेल्या, फांद्या फुटल्यासारख्या दिसतात. त्या माइटचं प्रथिन उचलतात, तुकडे करतात आणि लसिकेच्या वाटेने जवळच्या गाठीत चालत जातात. तिथे हजारो कोऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, फिरत असतात, त्यातल्या ज्या थोड्यांचं रिसेप्टर त्या तुकड्याला बसतं त्यांना ही पेशी शिकवते. काय शिकवायचं ते मात्र अस्तराच्या निरोपावर ठरतं. टीएसएलपीच्या प्रभावाखाली आलेली डेंड्रायटिक पेशी टी पेशीला टीएच-२, म्हणजे अ‍ॅलर्जी चालवणारी टी पेशी, व्हायला शिकवते. दमा असलेल्यांमध्ये माइट ओळखणाऱ्या टी पेशी असतात आणि निरोगी माणसात नसतात, असं बऱ्याच जणांना वाटतं, ते चूक आहे हो. निरोगी माणसातही त्या असतात. पण तिथे आयएल-१० सोडून गप्प करणाऱ्या टी पेशींचं पारडं जड असतं. माइट तोच, ओळख तीच, शिकवण वेगळी. तुमच्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं.

टीएच-२ तयार झाली की ती आयएल-४ देऊन अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीला सांगते की आता आयजीई नावाची अँटिबॉडी बनव. आयजीई रक्तात सगळ्या अँटिबॉडीत कमी, आणि दोनेक दिवसांत निम्मी नाहीशी होते, पण मास्ट पेशीच्या, म्हणजे हिस्टामिनसारख्या द्रव्यांचे दाणे भरलेल्या पेशीच्या, पाठीवर एकदा चिकटली की आठवडेच्या आठवडे बसून राहते. तुमच्या श्वासनलिकेत, नाकात, त्वचेत मास्ट पेशी बसल्यात आणि त्यांच्या अंगभर माइटच्या नावाची आयजीई लावून ठेवलीय. इथपर्यंत तुम्हाला काहीच झालेलं नसतं, एक शिंकसुद्धा नाही. हे सगळं बहुतेकदा लहानपणीच होऊन गेलेलं असतं.

निशिगंधा_र | मंगळवार, रात्री १०:३०

दोनदा नाही, तीनदा वाचलं. म्हणजे मला पहिला अ‍ॅटॅक यायच्या कितीतरी आधी आत तयारी पूर्ण झाली होती? आणि मी नऊ वर्षं समजतेय की त्या एका रात्री पावसात भिजले म्हणून दमा लागला.

आश्लेषा_डॉ | बुधवार, सकाळी ७:४५

मी छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करते. पेशीवेल्हाळ यांनी छान लिहिलंय, एक भर घालते कारण इथे लोक रिपोर्टचे फोटो टाकायला लागतील.

प्रिक टेस्टमध्ये हातावर थेंब ठेवून टोचतो तेव्हा त्वचेतल्या मास्ट पेशींवर माइटची आयजीई आहे का एवढंच विचारत असतो. सोबत एक थेंब हिस्टामिनचा आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा. हिस्टामिनला गांध उठलीच पाहिजे, नाही उठली तर पेशंट आदल्या दिवशी अ‍ॅलर्जीची गोळी खाऊन आलाय, टेस्ट फुकट, म्हणून तर आम्ही आठवडाभर आधी गोळी बंद करायला सांगतो. पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजायची, मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिमी किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे! कित्येकांची माइटची टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि त्रास शून्य. लक्षणं आणि टेस्ट जुळली तरच अ‍ॅलर्जी म्हणायचं. आयजीई ही बंदूक भरलेली आहे एवढंच सांगते, गोळी सुटते की नाही ते पेशंटला विचारावं लागतं.

पेशीवेल्हाळ | बुधवार, दुपारी १:३०

अगदी बरोबर डॉक्टर, आणि गोळी सुटते ती अशी.

माइटच्या विष्ठेची गोळी विरघळली, डर पी १ किंवा डर पी २ मास्ट पेशीपर्यंत पोचलं आणि एकाच वेळी शेजारशेजारच्या दोन आयजीईंना धरलं, की पूल बांधला गेला. बास. मास्ट पेशी मिनिटांत आपले दाणे बाहेर ओतते, हिस्टामिन, ट्रिप्टेज, आणि मागोमाग ताजी बनवलेली ल्युकोट्रिन्स आणि प्रोस्टाग्लँडिन डी-२. स्नायू आवळतो, नलिका अरुंद होते, तास-दोन तासांत उतरतं. श्वासनलिका आवळण्यात ल्युकोट्रिन्स हिस्टामिनपेक्षा कितीतरी जोरकस, म्हणून तर शिंकांना चालणारी अ‍ॅलर्जीची गोळी दम्याला पुरत नाही.

मग तीन-चार तासांनी दुसरी लाट येते, सहा ते बारा तासांच्या दरम्यान तिचा जोर असतो. ही लाट पेशींची असते, टीएच-२ येतात, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. तुम्ही रात्री अकराला उशीवर डोकं टेकलं आणि तीनला शिट्टी वाजली यात मला ही दुसरी लाट दिसते, वर त्या वेळेला अंगातलं कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनॅलिन तळाला गेलेलं असतं आणि नलिका तशीही दिवसातली सगळ्यात अरुंद असते.

इओसिनोफिलबद्दल थोडं जास्त लिहू द्या, माझा जीव त्यांच्यावर आहे. १८७९ साली पॉल एर्लिखने इओसिन नावाच्या रंगाने रक्त रंगवलं तेव्हा काही पेशींचे दाणे लालभडक झाले, तेव्हापासून हे नाव. मी पहिल्यांदा दम्याच्या पेशंटचा बेडका मायक्रोस्कोपखाली पाहिला तो दिवस मला अजून आठवतो. निरोगी माणसाच्या बेडक्यात इओसिनोफिल शोधावे लागतात. इथे नजर टाकावी तिथे तेच, चष्म्याच्या दोन भिंगांसारखं दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि भोवती नारिंगी-गुलाबी दाणे खच्चून भरलेले, काही पेशी फुटून दाणे आजूबाजूला विखुरलेले, आणि मध्येमध्ये दोन्ही टोकांना निमुळते, काचेच्या सुईसारखे स्फटिक. त्यांना शार्को-लायडन क्रिस्टल म्हणतात. ते इओसिनोफिलच्याच गॅलेक्टिन-१० नावाच्या प्रथिनाचे बनतात आणि शंभरहून जास्त वर्षं आम्ही त्यांना फक्त खूण समजत होतो, इथे इओसिनोफिल मेले एवढंच. २०१९ साली दिसलं की हे स्फटिक स्वतःच अस्तराला टोचतात, सूज आणि कफ वाढवतात. त्या पेशंटचं वय तुमच्याएवढंच होतं आणि फॉर्मवर लिहिलं होतं की सध्या लक्षणं नाहीत. ते वाक्य आणि ती काच मला एकत्र विसरता येत नाही.

आयएल-५ हाडांच्या मगजातून इओसिनोफिल तयार करून पाठवतो आणि त्यांना जगवतो. आयएल-१३ अस्तराला कफ बनवायला लावतो, घट्ट, चिकट, आणि स्नायूला हुळहुळा करतो, म्हणून मग धूर, थंड हवा, जोराचं हसणं, कशानेही उबळ येते. पावसात भिजणं हे त्यातलंच, ते निमित्त. आणि हाच आयएल-१३ अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतो, ते श्वासातून मोजता येतं, त्यालाच फेनो टेस्ट म्हणतात.

सर्वसाक्षी_ | बुधवार, संध्याकाळी ६:५०

हे सगळं ठीक आहे पण मूळ कारण प्रतिकारशक्ती कमी झालीय हेच ना? प्रतिकारशक्ती वाढवली की अ‍ॅलर्जी आपोआप जाते असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. औषधांनी उलट ती आणखी दबते.

पेशीवेल्हाळ | बुधवार, संध्याकाळी ७:३५

नाही, आणि हे मला ठामपणे लिहायला हवं कारण या समजापायी लोक पंप सोडतात. वर जे लिहिलं त्यात कुठली पेशी अशक्त दिसली तुम्हाला? मास्ट पेशी जोरात, टीएच-२ जोरात, बी पेशी जोमाने आयजीई बनवतायत, इओसिनोफिलची फौज आलीय. ही प्रतिकारशक्ती चुकीच्या गोष्टीवर पूर्ण ताकदीने तुटून पडलीय. तिला वाढवून काय करणार? कमी कुठे पडतंय तर आवरणाऱ्या टी पेशींकडे, ज्यांना टी-रेग म्हणतात. पंपातल्या स्टेरॉइडचा डोस श्वासनलिकेपुरता, मायक्रोग्रॅममध्ये असतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची सांगतो. दमेकरी माणसाला साधी सर्दी जास्त महागात पडते हे खरंय. आयजीईने भारलेल्या काही डेंड्रायटिक पेशी व्हायरस आला तर त्याला रोखणारं इंटरफेरॉन कमी बनवतात, त्यामुळे माइटची अ‍ॅलर्जी, भरपूर माइट असलेलं घर आणि सर्दीचा व्हायरस असं तिन्ही जुळलं की हॉस्पिटलची वेळ येते. पण त्याचा उपाय अ‍ॅलर्जीची आग विझवणं हाच आहे, आयजीई रोखणारं औषध दिलं की सर्दीच्या मोसमातले अ‍ॅटॅक कमी होतात हे मुलांमध्ये दिसलंय.

सर्वसाक्षी_ | बुधवार, रात्री ८:१०

हा कोन माहीत नव्हता. माझ्या वडिलांनी याच कारणाने पंप बंद केलाय, त्यांना वाचून दाखवतो.

निशिगंधा_र | बुधवार, रात्री ११:२०

मला तुमचं ते काचेवरचं वाक्य लागलं. मीही फॉर्मवर तेच लिहिते, सध्या लक्षणं नाहीत. मग बरं वाटत असतं तेव्हा आत काय चालू असतं? आणि पंप बंद केल्यावर लगेच का होत नाही, महिना-दीड महिना का जातो?

पेशीवेल्हाळ | गुरुवार, सकाळी ६:५०

हाच धाग्याचा खरा प्रश्न आहे ताई, बाकी सगळं मी यासाठीच लिहिलं म्हणा.

स्टेरॉइड पेशीत शिरून आयएल-४, ५, १३ यांच्या जनुकांवर झाकण ठेवतं. इओसिनोफिलला जगवणारा निरोप थांबतो, ते मरून साफ होतात, फेनो उतरतो, अस्तर हळूहळू शिवलं जातं. पण ज्या टी पेशी एकदा शिकल्या त्या मरत नाहीत. माइट ओळखणाऱ्या आठवणीच्या टीएच-२ पेशी फुप्फुसातच मुक्काम ठोकून बसतात, रक्तात परत जातच नाहीत. उंदरांना माइट देणं थांबवून बराच काळ लोटला तरी त्या तिथेच सापडतात आणि पुन्हा थोडासा अर्क दिला की तिथल्या तिथे उठतात, गाठीत जाऊन नव्याने शिकायची गरज उरत नाही. बी पेशींचंही तसंच, आयजीईची आठवण आयजीजी ही दुसरी अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींत जपून ठेवलेली असते आणि टीएच-२ ने हाक मारली की त्या आयजीईवर वळतात.

म्हणून पंप बंद केला की पहिले काही आठवडे काही कळत नाही. झाकण निघालंय, पण इओसिनोफिल जमायला, कफ साचायला, शिवण पुन्हा उसवायला वेळ लागतो. तुम्हाला ते पंधरा-वीस दिवस बरं होणं वाटतं, आणि मायक्रोस्कोपखाली ती जमवाजमव असते. शिट्टी वाजते तोवर उशीर झालेला असतो.

आणि निळा किंवा कुठलाही फक्त नलिका मोकळी करणारा पंप यातल्या एकाही पेशीला हात लावत नाही, तो फक्त आवळलेला स्नायू सोडवतो. म्हणून तर २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत, तो पंप एकट्याने वापरू नका, असं स्पष्ट सांगितलंय.

आश्लेषा_डॉ | गुरुवार, दुपारी १२:०५

+१००. माझ्याकडचे पेशंट मला विचारतात की सवय लागेल का, आणि मला दहा मिनिटांत हे सगळं सांगता येत नाही. डोस कमी करता येतो, पण तो काही महिने नीट राहिल्यावर, डॉक्टरसोबत बसून, एकेक पायरी. आपलं आपण नको.

दीपमाळ | गुरुवार, दुपारी ३:४०

मी तीन वर्षं माइटची इम्युनोथेरपी घेतलीय, जिभेखालची गोळी, रोज. पहिली गोळी दवाखान्यात अर्धा तास बसवून दिली होती, तोंडात खाज सुटली, ओठ थोडा सुजल्यासारखा वाटला, पहिले काही दिवस रोज तसंच व्हायचं आणि मग थांबलं. सहा महिने काहीच फरक नाही, मी सोडणार होते. दुसऱ्या वर्षी सकाळच्या शिंका गेल्या. आता गोळी बंद होऊन दीड वर्ष झालं, पंपाचा डोस निम्म्यावर आलाय. माझा प्रश्न असा की ज्याची अ‍ॅलर्जी तेच रोज खाऊन पेशी शांत कशा होतात? मध्येच एकदा रक्ततपासणी केली तर माइटची आयजीई चक्क वाढली होती, मी घाबरले होते.

पेशीवेल्हाळ | गुरुवार, रात्री ९:१५

आयजीई सुरुवातीला वाढते, ते अपेक्षितच आहे, नंतर हळूहळू उतरते. पण फायदा आयजीई उतरायच्या आधीच सुरू होतो. रोजच्या ठरावीक डोसने, आणि तेही जिभेखालच्या जागेतून जिथल्या डेंड्रायटिक पेशींचा कल शांत ठेवण्याकडे असतो, माइट ओळखणाऱ्या टी-रेग वाढतात, त्या आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे शांत करणारे निरोप सोडतात. त्या आयएल-१० च्या सोबतीने बी पेशी आयजीजी-४ बनवायला लागतात. ही आयजीजी-४ माइटचं प्रथिन वाटेतच धरते, मास्ट पेशीवरच्या आयजीईपर्यंत पोचूच देत नाही. पूल बांधला जात नाही. आणि सगळ्यात वाईट खोडीच्या टीएच-२ पेशी हळूहळू विरळ होत जातात, याला वेळ लागतो, म्हणून निदान तीन वर्षं. ही कल्पना जुनी आहे, १९११ साली लंडनमध्ये नून यांनी गवताच्या परागांवर पहिल्यांदा करून पाहिली होती, तेव्हा आयजीई सापडायलाच पन्नासेक वर्षं बाकी होती!

तुम्ही पहिले सहा महिने टिकलात याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या ओळखीतले निम्मे तिथेच सोडतात.

आश्लेषा_डॉ | गुरुवार, रात्री ९:५०

फक्त एक, दमा हाताबाहेर असताना ही थेरपी सुरू करत नाहीत, आधी कंट्रोलमध्ये आणायचा. म्हणजे परत पंप.

मुक्तछंद | शुक्रवार, सकाळी १०:२०

आणि ती इंजेक्शनं? माझ्या मावसभावाला बायोलॉजिक सांगितलंय.

पेशीवेल्हाळ | शुक्रवार, सकाळी ११:००

थोडक्यात सांगतो, वरची साखळी डोळ्यासमोर ठेवा. प्रत्येक इंजेक्शन त्यातली एक कडी धरतं. ओमालिझुमॅब मोकळी आयजीई धरतं, २००३ पासून आहे. मेपोलिझुमॅब आयएल-५ धरतं. बेनरालिझुमॅब इओसिनोफिललाच चिकटून त्याला मारवतं. ड्युपिलुमॅब आयएल-४ आणि आयएल-१३ दोघांचं सामाईक रिसेप्टर बंद करतं. आणि सगळ्यात वरची, म्हणजे अस्तराच्या हाकेचीच कडी, टीएसएलपी, ती टेझेपेलुमॅब धरतं, हे २०२१ च्या डिसेंबरात मंजूर झालं. कुठलं द्यायचं ते रक्तातले इओसिनोफिल, फेनो, आयजीई बघून ठरतं. ही गंभीर दम्यासाठी असतात, पंप नीट आणि नियमित घेऊनही अ‍ॅटॅक येत राहतात त्यांच्यासाठी.

सारंग७७ | शुक्रवार, दुपारी १:१५

मग निशिगंधाताईंचा शेवटचा प्रश्न राहिला, धूळ काढली तर संपेल का? गादीला कव्हर घालायचं की नाही?

आश्लेषा_डॉ | शुक्रवार, दुपारी ४:३०

मोठ्यांमध्ये नुसती कव्हरं घालून दमा सुधारत नाही, २००३ साली मोठा अभ्यास झाला त्यात फरक दिसला नाही. मुलांमध्ये २०१७ साली वेगळं दिसलं, माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या आणि अ‍ॅटॅक येऊन हॉस्पिटलात आलेल्या मुलांना गादी-उशीची माइट न शिरणारी कव्हरं दिली तर पुढच्या वर्षात पुन्हा हॉस्पिटलात येणारी मुलं कमी झाली. माझं मत, घाला, पण त्याच्या जोडीला चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा, गार पाण्याने अ‍ॅलर्जन बरंचसं वाहून जातं पण माइट जिवंत राहतो. खोली कोरडी ठेवा. गादी झटकताना ज्याला दमा आहे त्याने खोलीत थांबू नये. आणि एवढं करूनही पंप थांबवू नका, कारण आठवणीच्या पेशींना जागं व्हायला फार थोडा माइट पुरतो, आणि तेवढा तो बाहेर, दुसऱ्याच्या सोफ्यावर मिळतोच.

निशिगंधा_र | सात आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ५:१०

धागा वर काढतेय, सांगायचं होतं. सात आठवडे पंप एकदाही चुकला नाही. तिसऱ्या आठवड्यात नेहमीसारखं वाटलं की आता बास, तेव्हा तुमचं जमवाजमव हे शब्द आठवले. फेनो ६८ होता तो परवा २९ आला. रात्री तीनला जाग येते अजून, सवयीने, पण शिट्टी नसते, मी थोडा वेळ पडून माझा श्वास ऐकते आणि झोपते.

दुसरं म्हणजे बहीण माझ्याबरोबर आली होती, तिने सहज म्हणून प्रिक टेस्ट करून घेतली. तिलाही माइटची गांध आली, ५ मिमी! दमा नाही, छाती स्वच्छ. पण डॉक्टरांनी विचारलं सकाळी शिंका येतात का, तर म्हणाली हो, उठल्यावर दहा-बारा, त्या तर लहानपणापासून येतात, ती माझी सवयच आहे. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. म्हणजे माझ्या प्रश्नाचा पायाच चुकला होता का?

पेशीवेल्हाळ | रविवार, रात्री ८:०५

६८ वरून २९, फार फार बरं वाटलं वाचून.

पायाच चुकला असं नाही, तिच्याबद्दलचं माझं आधीचं उत्तर चुकलं, तिच्यातली शिकवण तुमच्यासारखीच झाली, पण पेटतं ते फक्त नाकात. गोळ्या मोठ्या असतात, बहुतेक नाकातच अडकतात, तिथल्या मास्ट पेशी दाणे ओततात आणि सकाळी शिंका सुरू होतात. नाक आणि श्वासनलिका हे एकाच अस्तराचे वरचे-खालचे मजले आहेत, पेशी त्याच, निरोप तेच. माइटने नाकात होणारा त्रास ज्यांना असतो त्यांच्यात पुढे दमा होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. तिला सांगा की सवय नाही ती. नाकाचा स्टेरॉइड स्प्रे लागेल का आणि इम्युनोथेरपीला ती बसते का, हे दोन प्रश्न घेऊन तिने स्वतःसाठी डॉक्टरकडे जावं, आणि तेव्हा पीक फ्लो किंवा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायची चाचणी, एकदा करून ठेवावी म्हणजे पुढे तुलना करायला तिचा स्वतःचा आकडा हातात राहील.

निशिगंधा_र | रविवार, रात्री ८:४०

मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली. या वेळी तिच्या नावाने, आणि सोबत मी.